लाठीनंतरचं हळदीकुंकू

आमच्या पद्मजाताई सबनीस म्हणजे मोर्चा दिसला की खिडकी लावून घेणारी बाई. जोगेश्वरी पूर्वेला आमची सोसायटी, समोर एका ट्रस्टचं प्रसूतिगृह. ट्रस्टींनी ते बिल्डरला विकायला काढलं, तेव्हा कॉलेजची पोरं फाटकासमोर फलक घेऊन बसू लागली. त्यात ताईंची लेक गार्गीही होती. ताई म्हणायच्या, "ओरडतील नि गप्प बसतील." आम्हीही तेच म्हणत होतो. गल्लीतली निम्मी माणसं त्याच प्रसूतिगृहात जन्मलेली, पण म्हणून उन्हात कोण बसतंय?

मग पोलिसांनी लाठ्या चालवल्या. बसलेल्या पोरांवर, काही न सांगता-सवरता. इन्स्पेक्टर शिवदास स्वतः पुढे होता. डोकं वाचवायला गार्गीनं हात वर केला आणि त्याच्या लाठीनं तिचं कोपर मोडलं. हॉस्पिटलात ताई रडल्या नाहीत. चौकीत तक्रार द्यायला गेल्या, तर शिवदास खुर्चीतून न उठता म्हणाला, "मुलगी सांभाळा काकू. पुढच्या वेळी हातावर भागणार नाही."

घरी येऊन ताई मला म्हणाल्या, "या मेल्याला स्वतःच्या घरात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही मी." त्यांचे यजमान मार्तंडराव पुटपुटले, "अगं, पोलिसांशी वैर?" ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पिशवी घेऊन दूध आणायला निघून गेले.

पोरांना घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते लाठीनं एका दुपारीत करून दाखवलं. बंद खिडक्या उघडल्या. बुद्धविहारामागच्या चाळीतली राधा साळवे, जिला ताईंनी कधी घरात बोलावलं नव्हतं, ती स्वतः जिना चढून आली. तिच्या भाच्याचंही डोकं फुटलं होतं. "ताई, रडत बसायचं नाय," ती म्हणाली. "बोला, काय करायचं?"

जमावबंदी लागली होती. पण संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमी यायची होती. ताई म्हणाल्या, "हळदीकुंकवाला कुणाच्या बापाची परवानगी लागते?" ठरलं. प्रसूतिगृहाच्या फाटकासमोर, भर रस्त्यात सतरंज्या घालायच्या. बोलावणं सवाष्णींना, विधवांना, चाळीतल्यांना, मशिदीमागच्या गल्लीतल्यांनाही. सोसायटीतल्या एकीनं नाक मुरडलं, "विधवांना कुठे हळदीकुंकू असतं का गं?"

"लाठी काय कुंकू बघून पडली?" ताई म्हणाल्या.

एक बोलावणं मात्र त्या एकट्याच करून आल्या. शिवदासची बायको दीप्ती साताऱ्याहून नुकतीच आली होती, इथं तिचं ओळखीचं कुणी नव्हतं. दारात आलेल्या काकूंना बघून पोरगी हरखली. कार्यक्रम कुठे आहे ते ताईंनी सांगितलं, कशासाठी ते नाही.

मी म्हटलं, "त्या बिचारीचा काय दोष?"

"माझ्या गार्गीचा काय होता?"

त्या दिवशी दीप्ती काठपदराची साडी नेसून, गजरा माळून आली. ताईंनी तिला पुढच्या रांगेत बसवलं. हळद-कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, वाण तेवढं दिलं नाही. वाण घेतल्याशिवाय बाई उठत नाही, आणि ताईंनी वाटप मुद्दाम मागच्या रांगेपासून सुरू केलं होतं. मग प्लास्टरातला हात घेऊन गार्गी दीप्तीशेजारी येऊन बसली.

"काय लागलं गं?" दीप्तीनं विचारलं.

"लाठी. इथंच."

"कुणी मारली?"

गार्गीनं आईकडे पाहिलं. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. शिवदास उतरला, "चला, उठा सगळ्या!" म्हणून ओरडला, आणि पुढच्या रांगेत नजर जाताच थबकला.

ताई पुढे झाल्या. "मारा ना. या बाजूनं सुरुवात करा. पहिल्या तुमच्या सौभाग्यवतीच आहेत."

"दीप्ती, ऊठ. गाडीत बस."

दीप्तीनं गार्गीच्या हाताकडे पाहिलं. "हिचा हात तुम्ही मोडलात?"

"ड्युटी होती माझी."

तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "मला अजून वाण मिळालेलं नाही," ती म्हणाली आणि बसून राहिली. मागून राधानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. गॅलऱ्यांतून बघणारे खाली उतरले. शिवदास शिपायांना घेऊन आल्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून बायका आल्या. मरोळच्या कारखान्यांतल्या बायका पाळी सुटल्यावर थेट फाटकाशी येऊन बसल्या. जमावबंदी कागदावर राहिली आणि लाठी उगारायला कुणी धजलं नाही. ट्रस्टींनी विक्री मागे घेतली. पुढे त्यांना ट्रस्टही सोडावा लागला, त्यांच्या जागी गल्लीतली माणसं बसली. त्यांत राधा आहे.

त्यानंतर एका संध्याकाळी शिवदास साध्या कपड्यांत ताईंच्या दारात उभा. मी तिथंच होते. "काकू, बायको माहेरी निघून गेली," तो म्हणाला. "फोन उचलत नाही. झालं ना आता तुमचं समाधान?"

आत गार्गी एका हातानं वेणी घालायला बघत होती. तिचं कोपर आता पुरतं सरळ होत नाही.

"नाही," ताई म्हणाल्या आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. दीप्तीसाठी मला वाईट वाटलं. त्याच्यासाठी नाही.