पाण्याआधीची बातमी

वाईट बातमी वेळेवर पोहोचवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. जळगावात दोन खोल्यांची आमची कंपनी आहे. कापसाच्या जिनिंगवाल्यांना लागणारं सॉफ्टवेअर तो बनवतो आणि मी विकतो. म्हणजे 'झालंच आहे, आठ दिवसांत देतो' हे मी म्हणतो, आणि 'होणार नाही' हे सांगायला तो जातो. तेही फोनवर नाही, एस.टी.नं, समक्ष. वर त्याचा एक नेम आहे: बातमी सांगून होईपर्यंत समोरच्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. "पाणी पिऊन मग 'नाही' म्हटलं की फसवल्यासारखं वाटतं, भाऊ." मुलगी बघायला गेला तेव्हाही पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाला, "आमच्या वडिलांचं टक्कल नीट बघून घ्या, चाळिशीत मलाही पडेल." पस्तिशीतच पडलं. त्याच्या हातून मुदतीआधी पार पडलेलं ते एकमेव काम. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात आचारी "बसाच आता" म्हणत होता, तर यानं माइक घेऊन जाहीर केलं, "भात अजून चढलेला नाही. तासभर लागेल, झोप काढायची त्यांनी काढावी." व्याही आधी तापले, मग खरंच झोपले, आणि उठून असे जेवले की भरीत कमी पडलं. तेही त्यानंच जाहीर केलं.

धरणगावचे आबा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते सुटले तर कंपनीला कुलूपच. हंगामाआधी काट्यावरचं वजन आपोआप बिलात उतरेल असा शब्द मी त्यांना दिला होता. हंगाम तोंडावर आला, आणि चाचणीत एका ट्रॅक्टरचं वजन दुसऱ्याच्याच बिलात उतरू लागलं. एस.टी.त मी साडूला पढवत होतो, "अरे, 'जवळजवळ झालंय' एवढंच म्हण."

"भाऊ, जवळजवळ झालेल्या पुलावरून तुम्ही जाल का?"

धरणगाव आलं, आम्ही उतरून आबांकडे गेलो.

आबांनी स्वतः तांब्या आणला. साडूनं हात जोडून नको म्हटलं. आमच्याकडे उन्हातून आलेला माणूस पाणी नाकारतो तो एकाच कारणासाठी. आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गया रे?"

"कोणी नाही आबा. सॉफ्टवेअर."

"ते गया?"

"ते अजून यायचंच आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. बिलं निघतील, पण वजन हातानं टाकावं लागेल. दिवाळीआधी होणार नाही. नंतर कधी, ते आज ठाऊक नाही. दर सोमवारी येऊन सांगेन. आणि दुसरीकडे जायचं असेल तर तुमची सगळी माहिती काढून देईन. मी डोळे मिटले. हे शेवटचं वाक्य मी खचितच पढवलं नव्हतं.

आबा तापले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मंग हाऊ काय सांगत होता?" मी उठून पंखा मोठा केला. मग ते खाली बसले. "बठ्ठा जण उद्या-उद्या करतस, आन् मी त्यासना भरोसावर काट्यावर माणूस ठेवत नही. आते ठेवसू." तांब्या पुढे सरकला. "पी ले, इंजिनेर."

दिवाळी गेली, संक्रांतही गेली. दर सोमवारी हा जायचा, 'अजून नाही' सांगायचा, पाणी प्यायचा आणि जेवूनच परतायचा. शेवटी सॉफ्टवेअर आलं. आबा कुठेही गेले नाहीत.

आता आमच्याकडे हुशार मुली कामाला आहेत. सगळं वेळेत होतं, आणि चुकून उशीर झालाच तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आपोआप निरोप जातो. परवा आबांचा फोन आला.

"यंदा तुमचा काही उशीर नही शे का रे?"

"नाही आबा. सगळं वेळेत आहे."

"मंग सोमवारले कोनी येत नही," म्हणाले, आणि फोन ठेवला.

समोर साडू टकलावरून हात फिरवत बसला होता; आबांचं हे बोलणं त्याला सांगायचं अजून बाकी होतं. 'सगळं वेळेत आहे' हे वाक्य मी उभ्या जन्मात पहिल्यांदाच खरं बोललो होतो, आणि टेबलावरचं पाणी काही मला पिववेना.