साहेबाच्या वाक्यातला हेदखोले

"हेदखोले, टू कॉफी!"

साहेबांनी केबिनमधून हाक मारली आणि मी सवयीनं म्हणालो, "आलो साहेब." तोवर माझ्या अंगावरून दुसराच माणूस ट्रे घेऊन गेला. पन्नाशीचा. मी घालायचो तसलाच निळा शर्ट.

मी पँट्रीच्या दारात उभा. इथंच चहापाणी करत रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. बायको जाऊन अठरा दिवस. चाळीत सगळ्यांना सांगून झालं होतं. सांगायला आणखी कोणी उरलं नाही म्हणून परळला हापिसात आलो होतो.

मुंबईत हेदखोले एकच घर. आमचं. पोरबाळ नाही. गावचं घर पडलं. शेवंती गेली, आता मी एकटा हेदखोले. असं मला वाटत होतं.

तो माणूस परत आला. मी विचारलं, "तुम्ही पण हेदखोले? कुठले?"

तो हसला. "कुठला हेदखोले? मी दत्ताराम कोकरे, शिवडीचा. इथं चहापाणी करतो त्याला हेदखोले म्हणतात. वरच्या मजल्यावर दोन हायत. त्यातला एक बिहारी!"

मी चौथी शिकलो. इंग्रजी येत नाही. पण साहेब लोकांच्या बोलण्यात मधेच माझं नाव आलं की कान उभे राहायचे. नाव कळायचं, बाकीचं नाही. संध्याकाळी शेवंती विचारायची, "आज काय म्हणाले तुमचे साहेब?" मी ऐकलेलं तसंच म्हणून दाखवायचो. "वी नीड टू मोअर हेदखोलेज." मग ती नळावर जाऊन सांगायची, आमच्या ह्यांचं नाव इंग्रजीत घेतात.

ते वाक्य मी दत्तारामला म्हणून दाखवलं. म्हटलं, याचा अर्थ काय?

"आणखी दोन चहावाले पायजेत."

ती त्या वाक्याचा अभिमान घेऊन गेली. मीच दिला होता.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "अरे! द ओरिजिनल हेदखोले!" नव्या मॅडमना बोलावलं. "सी, ही इज द ओरिजिनल." चारपाच जण हसले. वाईट नाही हसले. माळ्यावर जुना पंखा सापडला की हसतात तसे.

मी म्हणालो, "साहेब, बायको गेली माझी."

"ओह. सॉरी, सॉरी." एक हात माझ्या खांद्यावर. दुसऱ्या हातातला रिकामा कप, न बघताच, पुढं केला. "हेदखोले, टेक दिस."

दोन हात पुढं झाले. दत्तारामचा आणि माझा.

माझाही. ती लाज अजून अंगातून जात नाही.

मी हात मागं घेतला. दत्तारामचं मनगट धरलं. "साहेब, हे आडनाव आहे. माझं. माझ्या बायकोचं. स्मशानात फॉर्मवर हेच लिहिलं. ह्यांचं नाव दत्ताराम कोकरे. कप द्यायचा तर त्यांच्या नावानं द्या."

कप साहेबांच्याच हातात.

"काका, रिलॅक्स. आम्ही प्रेमानं म्हणतो."

"मग तुमचं आडनाव द्या त्यांना. प्रेमानं."

मला खाली सोडायला दत्तारामलाच पाठवला. लिफ्टमध्ये तो माझ्यावर उखडला. "तुमचं काय जातंय हो? तुम्ही सुटलात. माझी दोन पोरं शिकतायत. मला कायपण म्हणूदेत." तो चुकीचं बोलत नव्हता. गेटवर माझ्यासमोर वॉचमनला फोन आला, ह्यांना परत वर सोडू नको.

घरी आलो. कुलूप काढलं. बोलायला भिंती.

रात्रभर नाही, चार दिवस विचार केला. सोमवारी परत जाणार. वर सोडलं नाही तर गेटबाहेर उभा राहीन. आत जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला विचारीन, तुम्हाला चहा देतो त्याचं नाव काय? दत्ताराम शिव्या देईल. देऊ दे.

माझ्यामागं हे आडनाव संपणार. संपू दे. पण लोकांचे उष्टे कप उचलायला ते मागं ठेवून मी मरणार नाही.