धान उचलले, गोटे राहिले

चार टप्प्यांच्या सायकल शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावात महिलांमध्ये आघाडीवर असलेली मुलगी पडली.

मी वार्ताहर म्हणून मागच्या जीपमध्ये होतो. आम्ही वळण घेतले तेव्हा ती डांबरावर बसलेली होती आणि सायकल कडेच्या गवतात होती. बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. पुढच्या चाकाची रिम वाकली होती. जवळच बेलफळाएवढा एक गोटा पडला होता.

मुलगी ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातली, धानाच्या घरातली. दोन टप्प्यांनंतर एकूण वेळेत ती पहिली होती. राज्याच्या संघाच्या शिबिराला या शर्यतीतून एकच मुलगी जाणार होती, पहिली येणारी.

मळणीनंतर या भागात निम्मा रस्ता धानाचा असतो. धान डांबरावर वाळत घालतात आणि चाके त्यावर चढू नयेत म्हणून भोवती गोटे मांडतात. संध्याकाळी धान गोळा होते. गोटे तिथेच राहतात. ते हलवले तर ती जागा दुसरा कोणीतरी धरतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलाने घरोघर जाऊन धान उचलायला सांगितले होते. रस्त्यावर खरोखरच दाणा नव्हता. गोट्यांची रांग होती.

बंदोबस्तावरच्या हवालदाराने ही जागा कोणाची म्हणून विचारले. पन्नाशीची एक बाई हातात सूप घेऊन पुढे आली.

"रोड आंदनात भेटला काय, बाई?" हवालदार म्हणाला. दोघे-तिघे हसले.

"धान उचला म्हनलं, उचललं," ती म्हणाली. "गोट्याचं कोनी काई म्हनलं नाई."

तोवर शर्यतीचे पंच आणि मुलीचा प्रशिक्षक पोचले होते. चाक बदलता बदलता त्याने पंचांना नियमाची आठवण करून दिली: रस्त्यातल्या अडथळ्यामुळे कोणी पडले तर तिला सोबतच्या गटाची वेळ देता येते. पंचांची हरकत नव्हती. मात्र अडथळा कोणाचा, हे पोलिसांनी लिहून द्यावे, असे ते म्हणाले. हवालदाराने खिशातून पेन काढले आणि बाईला नाव विचारले. तिने सूप खाली ठेवले. नाव मात्र सांगितले नाही.

मुलगी एका हाताने दुसरे मनगट धरून उभी राहिली.

"सर, त्यायचं नाव नका लिहू. मी मागं पाहून राह्यली होती. माह्या चुकीनं पडली."

प्रशिक्षकाने तिला बाजूला घेतले, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तुले शिबिराले जायाचं हाय का नाई?"

"जायाचं हाय," ती म्हणाली. "आमच्या घरचेबी गोटे असेच राहतेत रोडवर."

पंचांनी मला विचारले. जीप वळणाच्या अलीकडे होती, पडताना तिला आमच्यापैकी कोणी पाहिले नाही, असे मी सांगितले. गावातले लोक त्या वेळी पुढे गेलेल्या घोळक्याकडे बघत होते. ती मागे पाहत होती की नाही, याला साक्षीदार मिळाला नाही.

ती सायकलवर बसली. एका हाताने हँडल धरून तिने कुरखेडा गाठले. गट केव्हाच पोचला होता. दुपारी दवाखान्यात मनगटाचे हाड मोडल्याचे निघाले.

परत येताना त्या गावात जीपचा वेग कमी करावा लागला. धान पुन्हा पसरलेले होते. ती बाई पायाने ते फिरवत होती. रांगेत एका गोट्याची जागा रिकामी होती.

पंचांच्या नोंदीत पडण्याचे कारण 'स्पर्धकाची चूक' असे आहे. दुसऱ्या दिवशी शेवटच्या टप्प्याआधी तिचे नाव दोनदा पुकारले गेले. ती आली नव्हती. शिबिराला बल्लारपूरची मुलगी गेली.