हिरडीवरची गाठ

कुरवंड्याच्या कस्तुराबाईंचा नवरा बजरंग तोंडाच्या कॅन्सरने गेला, त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. भाताची दोन खाचरं दिराला कसायला देऊन बाई लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करू लागल्या. मालक वर्षातून दोनदा येत. एरवी सात खोल्या आणि बाई.

गेल्या वर्षी पुढच्या दातांजवळ हिरडीवर लाल गाठ आली. घास लागला की रक्त येई. आपलंही आता तेच होणार, असं बाईंनी मनाशी धरलं. तोंडावर पदर धरून वावरू लागल्या. शेजारच्या बंगल्यातल्या शालूबाईंकडे संध्याकाळी टेकायच्या, तेही सोडलं. कुणी विचारायला नको, आपल्याला सांगायला नको.

भाकरी चावेना तेव्हा कुठे बाजारातल्या दातांच्या डॉक्टर अनघांकडे गेल्या.

"सोबत कोण आहे, मावशी?"

"कोण न्हाई."

डॉक्टरांनी आरशाने नीट पाहिलं. "लेझरने काढू. टाके नाहीत, रक्तही फारसं येणार नाही. काढलेली गाठ तपासायला पाठवू."

"आमच्या ह्यांची बी पाठिवली व्हती," बाई हळूच म्हणाल्या.

इंजेक्शनने ओठ बधिर झाला. डोळ्यांवर गडद चष्मा चढला. पेनासारखी बारीक दांडी हिरडीला लागली, केस जळल्यासारखा वास आला. डॉक्टरांनी डावा हात त्यांच्या गालाशी टेकवून धरला होता.

"दुखतंय का?"

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं, पण चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. कितीतरी वर्षांत गालाला माणसाचा हात लागला नव्हता.

दहा मिनिटांत काम झालं. पुढचे आठ दिवस मात्र सरता सरेनात. बाईंनी सगळ्या खोल्या झाडल्या, पुन्हा झाडल्या. नवऱ्याचे शेवटचे महिने आठवत पायरीवर बसून राहिल्या. डॉक्टरांनी एकदा फोन करून जखमेची चौकशी केली, तेवढाच काय तो आवाज.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला.

"साधी गाठ होती, मावशी. कॅन्सर नाही. आता सहा महिन्यांनी दात साफ करायला या."

बाईंनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"महिन्यानं आले तर चालंल का?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काही दुखत नसलं तरी?"

"व्हय."

"चालेल. दुपारी या, तेव्हा गर्दी नसते."