बिननावाची परात

आमच्या गावच्या तळ्याची एक गोष्ट होती. पूर्वी म्हणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तळ्याला हळदकुंकू वाहून भांडी मागायची, की सकाळी ती काठावर मांडलेली असत. कार्य उरकलं की परत द्यायची. मग कुण्या घरानं एक परात दाबली आणि तळं रुसलं. कुणी दाबली याचा संशय गावभर फिरे आणि शेवटी आमच्या दाराशी येऊन बसे, कारण आमचं घर तळ्याला लागून.

मला ती गोष्ट पटत नसे. तळं काय कासार आहे भांडी पुरवायला? पण माझा स्वभाव मेला संशयी. गोष्टीवर भरवसा नव्हता, आणि माणसांवर त्याहून नव्हता. नवरा गेल्यावर मी भावाकडे राहत होते, आणि त्या घरातल्या बंद पेटीकडेही माझी नजर जायचीच.

त्या चैत्रात पाटलांकडे देवीच्या कुमारिका जेवायच्या होत्या. माझी भाची, आठ-नऊ वर्षांची, नवा परकर नेसून मिरवत गेली आणि न जेवता परत आली. पाटलीणबाईंनी तिला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. तळ्याच्या चोरांची पोर देवीला चालत नाही म्हणाल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोर मात्र रडली नाही. मला म्हणाली, "आत्या, आपुनच दाबली काय वं ते परात?"

"मले काय माहीत," मी म्हटलं. "पाहू."

लढाईचे दिवस होते, पितळ डोळ्याला दिसत नव्हतं. घरात होतं तेवढं आम्ही दोघींनी उलटंपालटं करून पाहिलं. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. आजोबांचं, भावाचं, वहिनीच्या माहेरचं. तळ्याच्या भांड्यावर कुणाचं नाव असणार? शेवटी गुरांचं कुटार भरलेल्या खोलीत भुशाच्या ढिगाखाली पोरीचा हात अडकला. भलीमोठी परात निघाली. नाव नव्हतं.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "सासूबाई सांगून गेल्या, हे पंगतीले काढू नको. काहून, ते मी इचारलं नाही."

तिची सासू म्हणजे माझी आई.

"तळ्याले वापस देऊन येऊ," पोर म्हणाली. "मंग मले जेवू देतीन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव डोळा लागून पडलेलं असताना, आम्ही परात गोधडीत गुंडाळून निघालो. वहिनीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काठावरच्या बाभळीखाली पाटलीणबाई बसल्या होत्या, एकट्या. मला वाटलं, आमच्यावर पाळत ठेवायला आली बाई. त्यांच्या मांडीवर जुन्या लुगड्यानं झाकलेलं काहीतरी होतं. पोरीनं सरळ जाऊन ते लुगडं उचललं. परात होती. नाव नव्हतं.

"आमच्या सासूच्या सासूपासून लपवून हाय," पाटलीणबाई हळूच म्हणाल्या. "काल तुले उठवलं, तवापासून माह्या गळ्याखाली घास उतरला नाही."

पोर परकर खोचून, आमची परात घेऊन पाण्यात शिरली. पाणी आटून तिच्या गुडघ्याइतकंच उरलं होतं. तिनं परात सोडली आणि तिथंच थबकली, पायानं गाळ चाचपू लागली.

"आत्या, इथं खाली बी एक हाय." दोन पावलं पुढं सरकली. "इथं बी."

मी उतरले. पायाला परातीचा काठ लागला, मग आणखी एक. वाकून एक ओढून काढली, चिखल पुसला. नाव नव्हतं. गावातल्या किती बाया, आपलंच घर चोर समजून, अशा दुपारच्या चोरपावलांनी इथं येऊन गेल्या असतील कोण जाणे.

पाटलीणबाईंनी आपली परात सोडली नाही. काखेत मारली आणि पोरीला म्हणाल्या, "उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुमारिका पुन्हा बोलावल्या. माझी भाची पहिल्या पाटावर बसली. पुरणपोळ्या त्या परातीत रचून पाटलीणबाईंनी ती भर पंगतीत मधोमध आणून ठेवली. जमलेल्या बायांनी परात पाहिली. तिच्यावर नाव नाही, तेही पाहिलं. एकीनंही विचारलं नाही, ही कुणाची म्हणून.