कडक भाकरीचा चोर

जर्मनीत शिकायला निघाले तेव्हा आईनं सोलापूरहून बाजरीच्या, तीळ लावलेल्या पंचवीस कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. पापडासारख्या कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात मी त्या ताटांशेजारी रचून ठेवल्या आणि तिसऱ्याच दिवशी दोन कमी भरल्या.

माझा संशय शेजारच्या खोलीतल्या पोलिश मुलीवर. रोज सकाळी गोड हसायची. उगाच कोण एवढं हसतं? मी तिच्या ओठांवर भाकरीचे तीळ शोधायला लागले. आईला फोनवर म्हटलं, "लई साळसूद दिसती, पण तीच हाय."

"मग डब्यात घालून कुलूप लाव की," आई म्हणाली.

कुलूप कशाला, रंगेहाथच धरते म्हणून रविवारी दबकत स्वयंपाकघरात शिरले. टेबलावर तिच्या सूपचं तापलेलं पातेलं होतं आणि त्याच्या खाली माझी भाकरी.

"तुझ्या या चकत्या फार चांगल्या आहेत," ती हसून म्हणाली. "टेबल अजिबात भाजत नाही."

घोकून ठेवलेलं सगळं भांडण मी गिळलं. खोलीत येऊन आईला फोन लावला.

"तीच खात होती, आई. म्हणती, आणखी मागव."