मे महिन्यात हीटर लावून फुजैराला

दुबईहून अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला कधी जावं असं मला कोणी विचारलं, तर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं सांगतो. आम्ही गेलो मे महिन्यात, काचा बंद करून आणि गाडीचा हीटर पूर्ण सोडून. हे वाचून आमच्या अकलेबद्दल तुम्हाला जी शंका आली असेल ती रास्तच आहे. पण त्याला एक कारण होतं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोच्या पुरणपोळ्या.

दोन हजार सालानंतरची, दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी एका कार्गो कंपनीत होतो आणि आमचं गोडाऊन दुबईतल्या अल क्वोजला होतं. शेजारच्या शेडमध्ये बॉक्सिंगची जिम निघाली. मला बॉक्सिंगमधलं कळतं असा माझा फार जुना समज आहे. पुण्यात कॉलेजात असताना मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक लढत खेळलोय. पहिला ठोसा लागल्यावर मी खाली बसलो आणि मग उठण्यासारखं काही कारण दिसेना. एवढ्या भांडवलावर मी वीस वर्षं "आम्ही बॉक्सिंग करायचो तेव्हा" अशी वाक्यं टाकत आलोय.

तर एक दिवस त्या शेडमध्ये डोकावलो आणि चाटच पडलो. रिंगमध्ये एवेलिओ होता. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका स्पर्धेत मी या क्यूबन माणसाला गॅलरीतून पाहिलं होतं. समोरच्याला तो दिसायचा, पण हाती लागायचा नाही. त्या वेळी मी आठवडाभर घरात आरशासमोर त्याच्यासारखा नाचत होतो आणि वैशाली, म्हणजे माझी बायको, मला पाय मुरगळलाय का विचारत होती. आता तो छत्तीसचा होता, जर्मनीतून व्यावसायिक म्हणून खेळत होता, आणि येत्या शुक्रवारी फुजैराच्या एका हॉटेलात त्याची लढत होती.

त्याचा कोच क्लाऊस नावाचा साठीचा जर्मन. तो हॉटेलातली व्यवस्था बघायला आधीच पुढे जाणार होता आणि एवेलिओसाठी ड्रायव्हर शोधत होता. मी म्हणालो, ड्रायव्हर कशाला, मी सोडतो ना. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा ब्लॉग लिहायची वेळ आली नसती. मी पुढे म्हणालो, बुधवारी दुपारी आमच्याकडेच जेवायला येऊ दे. क्लाऊसने बजावलं, जेवण हलकं हवं. मी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे प्युअर व्हेजिटेरियन असतं. बिचारा निश्चिंत झाला.

ज्यांना पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार, बटाट्याची भाजी आणि भजी हे हलकं वाटतं, अशा घरात मी वाढलोय. एवेलिओ जेवायला बसला आणि पहिल्या घासाला डोळे मिटून "गुड" म्हणाला. वैशालीसमोर हा शब्द उच्चारणं धोक्याचं असतं. तिने दुसरी वाढली. तो पुन्हा "गुड" म्हणाला, तिने तिसरी वाढली. आपल्यात ताटावर हात आडवा धरून, मान हलवून, अर्धवट उठल्याशिवाय "नको" धरत नाहीत हे त्याला कोण सांगणार?

"अगं, उद्या त्याचं वजन करणार आहेत," मी जरा दबकत म्हणालो.

"पाहुणा आहे तो. आणि बघ किती वाळलाय," वैशाली म्हणाली आणि तुपाचं भांडं घेऊन आली.

गुरुवारी सकाळी एवेलिओ बॅग घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा त्याने बाथरूममधला वजनकाटा मागितला. हा काटा वैशालीने जानेवारीत डाएटसाठी घेतला होता आणि फेब्रुवारीपासून त्यावर बादली ठेवलेली होती. एवेलिओ काट्यावर उभा राहिला, उतरला, पुन्हा उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला की त्याच्या गटाच्या मर्यादेपेक्षा तो सव्वा किलो वर आहे. वजन दुपारी चारला फुजैरात होणार होतं.

मी क्लाऊसला फोन लावला.  मग त्याने मला नीट समजावून सांगितलं. वजन मर्यादेत बसलं नाही तर लढत रद्द. लढत रद्द झाली किंवा एवेलिओ हरला, तर त्याचा जर्मनीतला करार संपला. करार संपला की तिथे राहायचा परवाना संपला. आणि क्यूबाचा संघ सोडून पळालेल्या माणसाला त्याचा देश परत घेत नव्हता. म्हणजे आमच्या आमटीने एका माणसाचं जगातलं राहायचं ठिकाण पणाला लावलं होतं. 

"तुझ्या गाडीला हीटर आहे?" क्लाऊसने शेवटी विचारलं.

हीटर होता, पण दुबईत तो कोण लावणार? बटण फिरवल्यावर आधी आठ वर्षांची धूळ बाहेर आली आणि मग भट्टी पेटली. एवेलिओ तीन स्वेटर आणि त्यावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चढवून पुढच्या सीटवर बसला. मागे वैशाली होती, कारण "मी वाढलं, मी बसते." आणि आमची दहावीतली मुक्ता, जिला दोन दिवस समुद्रावर जायचं आमिष दाखवलं होतं.

"बाबा, धिस इज टॉर्चर," ती म्हणाली. मी मागच्या काचा दोन बोटं खाली केल्या.

रस्त्याबद्दल सांगायचं तर शारजाहून धैदकडे निघालात की लाल वाळूच्या टेकड्या सुरू होतात. त्या सकाळी फार सुंदर दिसतात म्हणे. मला घामामुळे डावा डोळा उघडता येत नव्हता. धैदच्या पेट्रोल पंपावरचा मल्याळी माणूस खिडकीशी आला आणि दोन पावलं मागे सरकला.

"साब, एसी खराब है क्या?"

"नहीं, हीटर चालू है," मी म्हणालो. त्याने पैसे लांबूनच घेतले.

मसाफीच्या फ्रायडे मार्केटला थांबाच. नाव फ्रायडे असलं तरी ते रोज उघडं असतं. गालिचे, मातीची भांडी, आंबे, रोपं, सगळं रस्त्याकडेला. आम्ही फक्त पाय मोकळे करायला थांबलो होतो. एका पठाण दुकानदाराने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, थरथरणारा एवेलिओ पाहिला आणि त्याच्यातला व्यापारी जागा झाला.

"इसको ठंड लगता है? कंबल लो, हबीबी. साठ दिरहम."

वैशालीने ते चाळीसवर आणलं. "चाळीस म्हणजे पाचशे वीस रुपये," ती सवयीने मोठ्याने म्हणाली, "पुण्यात एवढ्यात दोन येतात." पण घेतलं. मे महिन्यात वाळवंटात लोकरीचं कंबल विकत घेणारं दुसरं कुटुंब त्या पठाणाच्या नशिबात आलं नसेल.

मसाफीहून फुजैराला सरळ रस्ता जातो. आम्ही मुद्दाम लांबचा घेतला, दिब्बावरून समुद्राकाठाने, कारण घाम गाळायला वेळ हवा होता. तपकिरी, उघडेबोडके डोंगर आणि मध्ये नागमोडी रस्ता. कंबलातून एवेलिओ बोलू लागला. इंग्रजी माझंही बेताचं आणि त्याचंही, त्यामुळे आमचं छान जमलं.

अकराव्या वर्षी त्याला सरकारी क्रीडाशाळेत उचललं होतं. राष्ट्रीय संघात तो कायम दुसरा, कारण त्याच्या वजनगटात आधीच एक विश्वविजेता बसलेला. मोठ्या स्पर्धा त्याला, आणि मुंबईसारख्या एवेलिओला. जर्मनीच्या एका दौऱ्यात सकाळी नाश्त्याच्या टेबलावरून तो उठला, हातात पाव होता तसाच हॉटेलबाहेर पडला आणि परत गेला नाही.

"मग तिथे स्टार झाला असशील," मी म्हणालो.

तो हसला. हौशी बॉक्सिंगमध्ये स्वच्छ ठोसा लागला की गुण मिळतो. त्याला आयुष्यभर तेच शिकवलेलं, शिवायचं आणि निसटायचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तिकीट काढून आलेल्याला समोरचा आडवा झालेला बघायचा असतो. एवेलिओ जिंकायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. मग आयोजकांनी त्याला दुसऱ्यांच्या होतकरू पोरांना तपासायला वापरायला सुरुवात केली. आज इथे, उद्या तिथे, प्रत्येक वेळी काट्यावर उभं राहायचं.

"तू आम्हाला थांबवलं का नाहीस? जेवताना?" मी विचारलं.

 तो मागे वळून वैशालीकडे बघत म्हणाला, "सहा वर्षं मला सगळे सांगतात, कमी खा. ही पहिली बाई म्हणाली, अजून."

वैशालीने डोळ्यांना रुमाल लावला. घाम सगळ्यांनाच आला होता, पण मी सतरा वर्षं तिचा नवरा आहे, मला फरक कळतो. 

बिदियाची जुनी मशीद रस्त्यालगतच आहे, बघायला थांबा. आम्ही थांबलो नाही. खोर फक्कानला मात्र थांबलो, कारण एवेलिओला पळायचं होतं. गाव फार देखणं आहे, अर्धचंद्राकार किनारा, एका टोकाला बंदराच्या क्रेन, मागे लगेच डोंगर. भर दुपारी त्या किनाऱ्यावर पिशव्या घातलेला क्यूबन पळू लागला आणि सोबत म्हणून मीही. दुसऱ्या बाकापर्यंत मी त्याच्या बरोबरीने होतो. तिसऱ्या बाकावर मी बसलो. समोर मल्याळी टपरी होती, एक दिरहमला उत्तम चहा. मी दोन घेतले आणि एवेलिओ परत जवळून गेला तेव्हा कप पाठीमागे लपवला.

चारच्या आधी फुजैरा गाठलं. क्लाऊस हॉटेलच्या दारात उभा होता. वजनाच्या खोलीत बायकांना आत घेईनात, त्यामुळे वैशाली आणि मुक्ता बाहेर. वैशालीने कॉरिडॉरमध्ये रामरक्षा सुरू केली. एवेलिओ काट्यावर चढला. कंदुरा, म्हणजे अरबी पांढरा झगा, घातलेल्या आयोजकाने वाकून आकडा बघितला आणि मान हलवली. अगदी थोडक्यासाठी वर होता. क्लाऊसने एक टॉवेल काढला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि एवेलिओने टॉवेलमागे उरलेली चड्डीही काढून टाकली. माझ्या बॉक्सिंगच्या कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण हाच. मी टॉवेल धरला, आणि नीट धरला.

"खलास, ओके," आयोजक म्हणाला, म्हणजे अरबीत झालं, वजन बसलं.

एवेलिओ कपडे चढवून बाहेर आला, क्लाऊसने दिलेली पाण्याची बाटली घटाघट रिकामी केली आणि थेट वैशालीकडे गेला. प्रवासाला निघताना आमच्याकडे डबा घेतल्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही, त्यामुळे बर्फाच्या पेटीत पोळ्या होत्याच. पण ती डबा छातीशी धरून उभी होती, उघडायची हिंमत होईना. त्याने हात पुढे केला.

"अजून," तो म्हणाला, चक्क मराठीत. वजन झाल्यावर खायला हरकत नसते असं क्लाऊसने सांगितलं, तेव्हा कुठे तिने झाकण काढलं. तो भिंतीला टेकून दोन पोळ्या खाऊन गेला.

राहण्याबद्दल एक सूचना. लढतीच्या हॉटेलात आम्हाला परवडण्यासारखं काही नव्हतं. आम्ही गावातल्या साध्या हॉटेलात राहिलो, रात्रीचे दीडशे दिरहम, म्हणजे दोन हजारांच्या आत. एसी चालू होता. त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

शुक्रवारची लढत आठ फेऱ्यांची होती. समोर तेवीस वर्षांचा इंग्लिश मुलगा, डोकं थेट खांद्यांवर, मान नाहीच. हॉलमध्ये इंग्रज, पाकिस्तानी, फिलिपिनो अशी सरमिसळ गर्दी. एवेलिओ निघाला आणि मला मुंबई आठवली, फक्त सगळं थोडं हळू. तो शिवायचा आणि निसटायचा. पाचव्या फेरीत मागून कोणीतरी ओरडलं, "अरे मारेगा की नाचेगा?" सातव्या फेरीत त्याचे पाय जड झाले आणि पोटावर एक बसला. मी माझं पोट धरलं. वैशालीने माझा दंड इतका आवळला की तिची बोटं दोन दिवस दिसत होती.

आठवी फेरी त्याने कशी काढली मला माहीत नाही. पंचांनी त्याचा हात वर केला तेव्हा हॉलने शिट्ट्या मारल्या, कंटाळ्याच्या. आमची तिघांचीच टाळी वाजत होती. मुक्ता खुर्चीवर उभी राहून मराठीत ओरडत होती, हे आम्ही अनेक वर्षांनी ऐकत होतो.

शनिवारी सकाळी निरोप घ्यायला आम्ही त्यांच्या हॉटेलात गेलो. नाश्त्याच्या टेबलावर दोघं बसले होते. एवेलिओचा डोळा सुजलेला, पण चेहरा निवांत. जर्मनीहून फोन आला होता, एक वर्षाचा करार नक्की झाला. मी त्याला मिठी मारली, तो कळवळला.

"पुढची लढत सहा आठवड्यांनी," क्लाऊस म्हणाला. "वजनाचा एक गट खाली. तिथे त्याला मागणी आहे."

असं म्हणत त्याने एवेलिओच्या ताटलीतला पाव उचलला, लोणी उचललं आणि बाजूला ठेवलं. रागाने नाही, रोजचं काम असल्यासारखं. ताटलीत अर्धं सफरचंद राहिलं.  आम्ही सगळ्यांनी देवाला साकडं घालून त्याच्यासाठी जे मागितलं होतं, ते हे होतं.

वैशालीच्या पिशवीत डबा होता. तिने तो अर्धा बाहेर काढला होता. एवेलिओने तो पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई पुढे केलेला डबा मागे घेताना मी तोवर पाहिली नव्हती. तिने तो पुन्हा पिशवीत सरकवला आणि वर ओढणी टाकली. त्याने खाली मान घालून सफरचंद कापायला घेतलं.

परतीला आम्ही सरळ रस्ता धरला. एसी पूर्ण चालू, पायावर पठाणाचं कंबल. मसाफीच्या पुढे मुक्ता म्हणाली, "बट ही वन, राइट?"

"हो, जिंकला," मी म्हणालो.

दुपारी घरी पोचलो. आता नवीन बोगदे झालेत, दुबईहून तासा-दीड तासात पूर्व किनारा गाठता येतो, जरूर जा, हिवाळ्यात जा. वैशालीने बॅगा उघडल्या, वॉशिंग मशीन लावलं आणि डबा टेबलावर ठेवला. पाच पोळ्या उरल्या होत्या. तिने त्या तव्यावर गरम केल्या आणि मध्ये ताट ठेवलं. आम्ही तिघं बसलो आणि ज्याने त्याने हाताने घेऊन खाल्ल्या. त्या दिवशी आमच्या घरात कोणी कोणाला आग्रह केला नाही.